अकरा महिन्यांचं दूध

रिकामी खोली दोरीवरून ओळखावी. गच्चीत किंवा खिडकीच्या गजाला कपडे वाळत घालायची दोरी आहे, आणि चार दिवस तिच्यावर एक चिमटासुद्धा हललेला नाही, तर आत माणूस नाही. दोरीच काढून नेली असेल तर भाडेकरू भांडून गेला. नवीकोरी दोरी ताणून बांधली असेल तर मालकानं भाडं वाढवायचं ठरवलंय. हे ज्ञान मी अंबाजोगाईच्या गल्ल्यांतून मान वर करून हिंडताना मिळवलं. दोनदा उघड्या गटारात पाय गेला, तोही याच ज्ञानापायी.

मी खोल्या दाखवणारी बाई. पुरुषानं हा धंदा केला तर त्याला एजंट म्हणतात. बाईला काय म्हणावं हे लोकांना सुचेना, म्हणून मी 'खोलीवाली मावशी' झाले. आमचं गाव दवाखान्यांचं आणि कॉलेजांचं. डॉक्टर व्हायला आलेली पोरं, नर्सा, बदलीवरचे मास्तर, आजारी बापाला घेऊन महिनोन् महिने राहणारी लेकरं, कामाला आलेले मजूर, सगळ्यांना डोक्यावर छप्पर पाहिजे. मालकाला भीती, की भाडेकरू घुसला की निघायचा नाही. भाडेकरूला भीती, की मालक कधीही काढेल. या दोन भीतींच्या मधल्या फटीत माझं दुकान होतं. भाडेकरूकडून अर्ध्या महिन्याचं भाडं घ्यायचं, आणि मालकाकडून चहा. तोही कुठल्या कपात द्यावा याचा घरात कुजबुजून विचार झाल्यावर. आम्ही बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला, पण गल्लीतल्या कपबश्यांना ते अजून कळलेलं नव्हतं.

तरुणपणी मी भयंकर होते. काळा गॉगल, पिवळी पर्स आणि तोंडात तयार उत्तर. मालकीणबाई दारातच विचारायच्या, "येनाऱ्याचं आडनाव काय?" मी गॉगल कपाळावर चढवून म्हणायची, "का वैनी? आडनावाचं भाडं वेगळं घेता काय?" शेजारच्या बाया पदरात तोंड लपवून हसायच्या. मला वाटायचं, वा, काय हाणली! संध्याकाळपर्यंत ते वाक्य गल्लीभर व्हायचं आणि खोली दुसऱ्याच कुणाला तरी गेलेली असायची. टाळ्या मला, आणि बोचकं घेऊन रस्त्यावर गिऱ्हाईक. हा हिशोब कळायला मला पुष्कळ वर्षं लागली. अक्कलदाढ उशिरा येते म्हणतात. माझी पडायला झाली तेव्हा आली.

पण आज लिहायचंय ते सुमनबद्दल आणि काशिनाथअप्पांच्या दुधाबद्दल.

काशिनाथअप्पांचं मोंढ्यात भुसाराचं दुकान. कपाळाला भस्म, बोलणं लोण्यासारखं, व्यवहार अडकित्त्यासारखा. घराच्या मागच्या बाजूला गल्लीत दार असलेल्या दोन खोल्या भाड्याच्या. मी पहिल्यांदा भाडेकरू घेऊन गेले तेव्हा विचारलं, "अप्पा, करार अकरा महिन्यांचाच ना?"

आमच्याकडं सगळे करार अकरा महिन्यांचे. बारा महिने सलग राहिला की भाडेकरूचा हक्क लागतो, अशी एकूणएक मालकांची समजूत. कायद्यात तसं कुठं लिहिलंय ते त्यांनाही माहीत नाही. पण जी गोष्ट कुणालाच माहीत नसते तिच्यावर विश्वास दांडगा असतो.

अप्पा म्हणाले, "कागद मी करत न्हाई. कागदाचा काय भरोसा? मी घरच रिकामं करतो."

"म्हणजे?"

"अकरा म्हैने झाले की सामान भाईर. एका दिवेलागणीपासून दुसऱ्या दिवेलागणीपर्यंत घराला माझं कुलूप. मधी आमची मंडळी जाऊन शेगडीवर दूध उतू घालनार. मग किल्ली परत. घराला कळाया पायजे, मालक कोन."

नव्या घरात शिरताना आपण दूध उतू घालतो, ते हे दूध. अप्पा दर अकरा महिन्यांनी आपल्याच घरात नव्यानं राहायला जायचे, तेही कागदावर नाही, शेगडीवर. मला इतकं हसू आलं की गॉगल पडला. पुढं महिनाभर मी जिथं जाईन तिथं हा किस्सा रंगवून सांगितला, अप्पांचा आवाज काढून, हातात नसलेलं पातेलं धरून. बाकीचे मालक मात्र हसेनात. ते मान डोलवायचे. "शेगडी त्यांनी सोताची नेली का भाडेकरूचीच वापरली?" असं बारीक विचारून घ्यायचे. थोड्याच दिवसांत त्या गल्लीत आणखी तीन घरी दूध उतू जायला लागलं. मी विनोद सांगत होते, ते नियम ऐकत होते.

अप्पा दुष्ट नव्हते, हे लिहून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्यांना सोपं जाईल. त्यांच्या वडिलांनी एका शिंप्याला पुढची खोली दिली होती. भाडं जुन्या काळातलं, आणि कायदा असा की ते वाढवता येईना, माणूस काढता येईना. भाऊबंद वाटण्या मागत होते, घरात माणसं मावत नव्हती आणि शिंपी एका चहाच्या पैशात बसलेला. वडील तारखा करता करता गेले. लहानपणी अप्पा त्यांचा डबा घेऊन कोर्टाच्या पायऱ्यांवर बसायचे. अशा पोराच्या हातात पुढं घर आलं तर तो दूधच उतू घालणार. तो कायदा गरीब भाडेकरूला वाचवायला केला होता. त्यानं तो एक शिंपी वाचला, आणि त्या शिंप्याच्या भीतीनं पुढच्या शंभर भाडेकरूंना कुणी कागदावर घेईना. सरकारनं दार भक्कम बसवलं, मालकांनी भिंतच सरकवून घेतली.

सुमन शिरूर कासारकडची. नवरा होता तोवर दोघं दर साली ऊसतोडीला जायची. नवरा कारखान्याच्या वाटेवर गाडीखाली गेला. लहानगी लेक पोटाशी धरून ती इकडं आली आणि एका दवाखान्याच्या खानावळीत भाकऱ्या थापायला लागली. हात असा, की भाकरी परातीत पडल्याचा आवाज ऐकून मी डोळे मिटून सांगेन की ही सुमनची. तिला अप्पांच्या त्या दोन्ही खोल्या मीच मिळवून दिल्या. पोरगी तिथंच मोठी झाली, तिथंच बारावी झाली आणि आता नर्सिंगला आहे. एवढ्या सगळ्या काळात सुमन त्या घरात कधीही बारा महिने सलग राहिली नाही. अकरा महिने संपले की खाट, डबे, गादी, पोरीची पुस्तकं, देवाचा फोटो, सगळं गल्लीत. शेजारणी म्हणायच्या, "आला का ग सुमनचा पोळा?" कारण बैलासारखं घर पण एक दिवस जुवाखालून मोकळं. सुमनही हसायची. रात्री मायलेकी माझ्या ओट्यावर झोपायच्या. पण तिचा डोळा लागायचा नाही. एकदा म्हणाली, "मावशी, किल्ली परत भेटंल का न्हाई, हेच वाटतंय बगा रातभर. दरसाली वाटतंय."

आणि मग तिला वाटत होतं तसं झालंच. गावात कॉटचं पेव फुटलं.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. कॉट म्हणजे खाट नव्हे, कॉट म्हणजे धंदा. एका खोलीत तीन लोखंडी पलंग टाकायचे, तीन पोरं ठेवायची आणि प्रत्येकाकडून वेगळं भाडं घ्यायचं. दोन खोल्यांत कुटुंब ठेवलं तर एक भाडं येतं, कॉट टाकल्या तर सहा. शिवाय कुटुंबाला पाणी जास्त लागतं, त्यांच्याकडं पाहुणे येतात, बाळंतपणं होतात, म्हातारी माणसं मरतात. कॉटला यातलं काही होत नाही. परीक्षा झाली की कॉट आपोआप रिकामी होते, दूध उतू घालायची पण गरज नाही. बघता बघता गावातली घरं पलंगांनी भरली आणि संसारी माणसं गावाबाहेर पत्र्यात गेली. ज्या नर्सा, आया, भाकरीवाल्या, रिक्षावाले या पोरांचं करतात, त्यांनाच गावात खोली परवडेना. मी खोल्या दाखवायला निघायची तेव्हा गिऱ्हाईक म्हणायचं, "मावशी, फॅमिलीसाठी काय हाय?" मी म्हणायची, "फॅमिलीतला एक जण सांग, त्याला कॉट हाय."

अप्पांचा मुलगा पुण्याला. तो फोनवर बापाला रोज कॉटचं गणित शिकवायचा. एका सकाळी अप्पा मला मोंढ्यात भेटले. मऊ आवाजात म्हणाले, "खोलीवाले, सुमनबाईला सांगून ठेव. या खेपेला किल्ली देतो. पुढच्या खेपेचं सांगता येत न्हाई."

म्हणजे सुमनच्या हातात उरले अकरा महिने. त्यात स्वतःचं छप्पर उभं राहिलं तर ठीक, नाहीतर पत्रा, नाहीतर परत शिरूर. आणि पोरीचं शिक्षण अर्ध्यावर.

नेमका तेव्हाच घरकुलाचा सर्व्हे निघाला होता. सर्व्हेला शेखभाई, कंत्राटी माणूस, पायात झिजलेल्या चपला, हातात सरकारी मोबाईल. माणूस सज्जन, पण मोबाईलपुढं लाचार. सुमनच्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "घर स्वतःचं, भाड्याचं का बेघर?"

सुमन म्हणाली, "भाड्याचं."

शेखभाईंनी बोट टेकवलं. मोबाईलनं पुढचं विचारलं. ते म्हणाले, "भाड्याचा करार दाखवा. न्हाईतर मालकाचं लिहून आणा."

आम्ही अप्पांकडं गेलो. अप्पा गल्ल्यावर बसून तूर चाळत होते.

"अप्पा, एवढं लिहून द्या की सुमन तुमची भाडेकरू हाय."

"कावून द्यायचं लिहून?"

"तिला घरकुल मिळंल. तुमची खोली आपोआप रिकामी होईल. कॉट टाका मग खुशाल."

गणित बरोबर होतं. पण माणूस गणितानं चालत नसतो. तुरीतला खडा काढून बाजूला ठेवत अप्पा म्हणाले, "एकदा माझ्या सहीनं कागदावर आली की झाली ती भाडेकरीन. घरकुल न्हाई झालं तर? तो कागद घिऊन ती कोर्टात बसली तर? माझ्या बापाला मी काय तोंड दाखवू? ईस वर्षं झाली मी कुनाला एक चिठ्ठी दिली न्हाई, खोलीवाले."

तरुणपणी मी इथं एखादं झणझणीत वाक्य मारलं असतं. ते जिभेवर आलंही होतं. सुमननं माझा पदर मागून ओढला, म्हणून ते वाक्य अजून माझ्याकडं शिल्लक आहे.

बाहेर आल्यावर मी कपाळ बडवून घेतलं. बघा कसं आहे. मालक कायद्याला भितो म्हणून कागद देत नाही. कागद नाही म्हणून सरकारला भाडेकरू दिसत नाही. सरकारला दिसत नाही म्हणून तिला घर नाही. घर नाही म्हणून ती त्याच मालकाच्या दारात. घाण्याचा बैल तरी तेल काढतो. आम्ही नुसतेच फिरतो.

"गावाकडच्या यादीत तुझं नाव कावून न्हाई ग?" मी सुमनला विचारलं. "गावठाणात जागा हाय ना तुझी?"

"जागा हाय की. पन सर्व्हेवाले आले तवा आमी ऊस तोडाया गेलतो. घराला कुलूप. त्यांनी लिवलं, इथं कुनी राहत न्हाई."

शिरूर तालुक्यातली अर्धी घरं हिवाळ्यात कुलूपबंद असतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सर्व्हे मात्र बरोबर तेव्हाच निघतो. कारण हिवाळ्यात रस्ते कोरडे असतात आणि साहेबांच्या गाडीला चिखल लागत नाही.

दोन दिवस मी चिडून ओट्यावर बसले. तिसऱ्या दिवशी शेखभाई गल्लीतून जाताना दिसले. मी हाक मारली, पाणी दिलं आणि विचारलं, "शेखभाई, ते तिसरं काय हाय तुमच्या मोबाईलमधी? बेघर? त्याला कागद काय लागतो?"

"कुछ नै, मावशी. ज्याला घरच न्हाई, त्याच्याकडं कागद कुठला? जागेवर फोटो काढायचा, आजूबाजूच्या दोघांचं म्हनणं घ्यायचं, बस."

"मग सुमनचं ते भरा."

शेखभाईंनी तांब्या खाली ठेवला. "मावशी, ती खोलीत राहती. मी झूट न्हाई भरणार. नोकरी जाईल माझी."

"मी खोटं भरा म्हणले का? सोमवारी तिसऱ्या प्रहरी या गल्लीत या, आणि जे डोळ्यांना दिसंल ते भरा. एक अक्षर जास्ती नको."

सोमवारी अप्पांचं दूध होतं.

रविवारी दिवेलागणीला सुमननं नेहमीसारखं सामान बाहेर काढलं. सोमवारी दुपारी मी तिला म्हणाले, "आज ओट्यावर यायचं न्हाई. गल्लीतच बस. चूल मांड." ती कोपऱ्यात खाटेच्या सावलीत तीन दगड मांडून बसली आणि भाकरी थापायला लागली. भोवती डबे, गादीची वळकटी, पोरीचं शिलाई मशीन. आत गिरिजावैनी, म्हणजे अप्पांची मंडळी, दूध उतू घालत होत्या. जळक्या दुधाचा वास गल्लीभर. अप्पा कुलूप हातात घेऊन उंबऱ्यात उभे.

शेखभाई आले. त्यांनी सगळं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मी आकाशाकडं बघितलं.

"बाई, तुमी कुठं राहता?"

सुमननं पीठ लागलेला हात उचलून भोवतालचं सामान दाखवलं. "हे काय, इथंच."

शेखभाई अप्पांकडं वळले. "अप्पा, या बाई तुमच्या भाडेकरू हायत का?"

भाकरीसुद्धा तव्यावर फुगायची थांबली असं वाटलं. सगळं आता अप्पांच्या तोंडावर होतं. हो म्हणाले तर सुमन बेघर नाही. पण हो म्हणाले तर ती चारचौघांत, सरकारी माणसापुढं, त्यांची भाडेकरू ठरणार. अप्पांनी आयुष्यभर ज्या एका प्रश्नाचं उत्तर टाळलं, तोच प्रश्न झिजलेल्या चपला घालून दारात उभा होता.

अप्पा छाती काढून म्हणाले, "न्हाई. माझ्याकडं कुनी भाडेकरू न्हाई. घर रिकामं हाय. आत जाऊन बगा, दूध आमचंच उतू गेलंय."

"हे लिहून घेऊ का तुमच्या नावानं?"

"खुशाल घ्या! लिहून द्यायला मी कवाबी तयार हाय!"

ईस वर्षांत अप्पांनी दिलेलं हे पहिलं लेखी. शेखभाईंनी सुमनचा फोटो काढला, मागं खाट, पुढं चूल. मोबाईलवरच्या तिसऱ्या पर्यायावर बोट टेकवलं आणि शांतपणे पुढच्या गल्लीत गेले. अप्पा कुलूप लावायला वळले आणि मधेच थांबले. हळूहळू माझ्याकडं बघत म्हणाले, "खोलीवाले... तू मला माझ्याच दुधात बुडवलंस व्हय ग?"

"न्हाई अप्पा. तुमी नुसतं खरं बोललात."

दिवेलागणीला त्यांनी किल्ली दिली, हे त्यांच्याबद्दल सांगायला पाहिजे. शब्दाला पक्का माणूस.

पुढं काही महिन्यांनी सुमनच्या मोबाईलवर मंजुरी आली. गल्लीत पेढे वाटले. मी जुना गॉगल शोधून काढला आणि दिवसभर घालून बसले, इतका माज. नात म्हणाली, "आजी, घरात अंधार आहे, काढ तो." पण मी कशाची ऐकते.

दुसऱ्या दिवशी गॉगल आपोआप उतरला. आम्ही ऑफिसात गेलो. टेबलामागचा माणूस म्हणाला, "अभिनंदन. आता जागेचा उतारा आणा."

"कुठल्या जागेचा?"

"घर बांधायच्या. सरकार बांधायला पैसे देतं, जागा लाभार्थ्याची हवी."

"अहो, ती बेघर हाय म्हणून तर मंजूर झालं."

"बरोबर. बेघर आहे ते ठीक. पण जागा तर पाहिजे ना?"

"तिची जागा शिरूरच्या गावात हाय. तिथं बांधू का?"

"नाही, ही शहराची यादी. गावाची वेगळी असते."

"गावात तिला काम न्हाई. काम इथं हाय."

"मग इथं जागा घ्या."

इथली जागा! दवाखान्याच्या भोवती ओसाड माळाचे तुकडे पाडून, चुन्याच्या रेघा मारून ज्या भावानं विकले जातात, तो ऐकला तर सरकारच्या घरकुलाच्या पैशात त्या रेघेचा चुना येईल. तहानलेल्याला भांडं दिलं आणि सांगितलं, विहीर तुझी तू आण. हे असं ठरवणारे लोक आयुष्यात कधी भाड्यानं राहिलेच नाहीत का? का राहिले, आणि विसरले?

चार महिने आम्ही जागा शोधली. मी गावातली एकूणएक रिकामी खोली ओळखणारी बाई, रिकाम्या जमिनीपुढं हरले. अप्पांच्या अकरा महिन्यांतले आता थोडेच उरले होते, आणि त्यांच्या ओसरीवर कॉटचे लोखंडी सांगाडे येऊन पडले होते. सुमन कामाला जाताना त्यांच्यावरून जायची.

आता जे झालं ते लिहिताना मला माझीच मान पिरगाळावीशी वाटते.

माझ्या घराच्या मागं एक पट्टा आहे. शेवग्याचं एक झाड आणि बाकी केर. दलालीच्या पैशातून घर घेतलं तेव्हा तो बरोबर आला. माझा मुलगा मिलिंद शाळेत शिक्षक, विचारानं चांगला, सभेत भाषणं करतो. एका संध्याकाळी तो त्या पट्ट्यात हात मागं बांधून उभा होता.

"आई, इथं आठ कॉट बसतात."

मी त्याला फटकारायला तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडातून काय बाहेर पडलं? "सहाच बसतात. संडासला जागा धरली न्हाईस तू."

तरीही मला कळलं नाही. माणूस मालक होतो ते त्याला सगळ्यात शेवटी कळतं. मला उलट वाटलं, मी किती उदार. चार कॉट टाकू, आणि एका कोपऱ्यात सुमनला खोली काढून देऊ. दुसऱ्या दिवशी तिला बोलावून मी फर्मान सुनावलं, "काळजी करू नको. मी तुला माझ्याकडं खोली देते. भाडं अप्पांपेक्षा कमी. फक्त करार तेवढा अकरा महिन्यांचा करू, मिलिंदचं मन राखायला."

सुमननं हातातली भाकरीची टोपली खाली ठेवली. मग अगदी साधेपणानं, हसत विचारलं, "बरं मावशी. दूध कोन उतू घालनार? तुमी का मी?"

माझी नात आत अभ्यास करत होती. ती तिथून ओरडली, "आजी, विचार ना तिला, आडनाव काय!"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात मी जी वाक्यं मारली, ती सगळी त्या दिवशी व्याजासकट माझ्या घरी आली. आणि बघा, यावेळी टाळ्यांना कुणी नव्हतं.

मी मिलिंदशी भांडले. तीन दिवस आमच्याकडं ताटं जोरात आदळली जात होती. तो म्हणाला, "आई, तू भावनेच्या भरात बोलतेस." मी म्हणाले, "न्हाई रे बाबा. कॉट मोजत होते तेव्हा मी भरात होते. आत्ता कुठं उतरलेय." शेवटी त्यानंच मोजणीवाल्याला फोन केला. आणि मोजणीवाला काही एका फोनवर येत नाही, त्याचं एक वेगळंच अनुभवकथन होईल. पट्टा मी सुमनला विकला. फुकट दिला नाही. फुकट दिलं की माणूस आयुष्यभर पाया पडत राहतो, आणि माझे पाय दुखतात. तिला झेपेल त्या किमतीत आणि झेपेल त्या हप्त्यांत, रजिस्ट्री तिच्या नावानं, तिच्या एकटीच्या.

यात सरकारनं काही केलं असं समजू नका. मालकांनीही नाही. एका म्हातारीच्या घरामागं केर होता, म्हणून एका सुमनला जागा मिळाली. त्या यादीतल्या बाकीच्या सुमनांच्या वाट्याला एवढा केरही नाही. त्यांची मंजुरी मोबाईलमध्ये आहे आणि त्या मोबाईल घेऊन भाड्याच्या खोलीत आहेत. ही योजना म्हातारींच्या उकिरड्यावर चालणार असेल तर तसं जाहीर करावं, म्हणजे आम्ही जरा जास्त केर टाकत जाऊ.

अप्पांच्या अकरा महिन्यांच्या आत जोतं झालं. पुढचा हप्ता मिळायला जोत्याचा फोटो लागतो, लाभार्थी एकटी समोर उभी. शेखभाई आले. मी हौसेनं नवं लुगडं नेसून सुमनशेजारी जाऊन उभी राहिले तर म्हणाले, "मावशी, आप जरा बाजू में. मोबाईल नै लेता." चौकटीबाहेर जाऊन उभी राहिले. भिंती नाहीत, छप्पर नाही, उघड्या जोत्यावर सुमननं तीन दगड मांडले, पातेलं चढवलं आणि दूध उतू जाईपर्यंत बघत बसली. फेस आला, कडेनं ओघळला, विस्तव फसफसला. ती पातेलं उतरवेना. जळू दिलं पोटभर. गिरिजावैनी बघायला आल्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "बाई, मला तर ह्याची सवय झालती. आज दूध खरं वाटलं."

आता भिंती झाल्यात, पत्रा पडलाय. अप्पांच्या खोल्यांत कॉट पडल्या. पोरं रात्री मोठ्यानं गाणी लावतात म्हणून अप्पा माझ्याकडं तक्रार घेऊन येतात. मी ऐकून घेते, आता चहाचा कप मी ठरवते. या धंद्यातून मी निवृत्त झाले, कारण दाखवायला खोल्याच उरल्या नाहीत. तरी मान वर करून चालायची सवय गेली नाही. परवा मागं गेले तर सुमनच्या दारात नवीकोरी दोरी ताणलेली, तिच्यावर पोरीचे पांढरे युनिफॉर्म. मी बघत उभी राहिले.

सुमन कमरेवर हात ठेवून बाहेर आली. कपाळाला आठ्या.

"मावशी, एक सांगू का? राग मानू नका. तुमच्या शेवग्याचा पाला सारखा माझ्या जागंत पडतोय. रोज झाडायचं कुनी?"

मी गॉगल कपाळावर चढवला.

"बाई," मी म्हणाले, "आडनाव काय म्हणालात तुमचं?"